पोच

काय म्हणालीस? नाही, ऐकू आलं मला — भिंतीपलीकडे तीनशे मशिनं घोंघावतायत म्हणून मी बहिरी झालेली नाही, उलट एकोणीस वर्षं ह्या घोंघाटात बसून माणसांची कुजबूजसुद्धा पकडते मी — पण परत म्हण एकदा. 'मॅडमनी विचारलंय, जेवण झालं का.' अस्सं. ह्याच शब्दांत? आणि तू आपली गुणी मुलीसारखी ते तोंडपाठ करून जिना उतरून आलीस, एका हातात हा फॉर्म आणि तोंडात हा निरोप. वा! दोन वर्षं ह्या खोलीत पाऊल टाकलं नाही बाईंनी, आणि निरोप काय, तर जेवण झालं का. सांग तिला, झालं म्हणावं. पोटभर झालं. आणखी काही वाढायचं राहिलं असेल तर तेही वाढ म्हणावं.

बस गं, उभी काय राहतेस. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय अधू आहे, परवाच एक विभागप्रमुख त्यावरून सपशेल आडवे झाले — ही खुर्ची घे. सही पाहिजे ना तुला? मिळेल. आत्ता नाही मिळणार. सोमवारी तू ह्या चार डिस्का माझ्या टेबलावर ठेवून गेलीस तेव्हापासून कॉपी चालली होती, ती आज सकाळी संपली, आणि आता पडताळणी चाललीय — हा बघ आकडा, बासष्ट टक्के. एकेका फायलीचा ठसा काढायचा, बोटाचा असतो ना, तसा, पण आकड्यांचा. डिस्कवरच्या फायलीचा एक आणि तिकडे क्लस्टरवर, म्हणजे ह्या पलीकडच्या मशिनांवर, उतरलेल्या फायलीचा एक, आणि दोन्ही ताडून बघायचे. जुळले तर माल जसाच्या तसा पोचला. ते झालं की मी ह्या पोचपावतीवर सही करणार, मग तुम्ही डिस्का पुसणार, आणि पाच वाजता तुमची गाडी निघायच्या आत त्या रिकाम्या डिस्का गुहेतल्या यंत्रांसाठी गाडीत चढवणार. बरोबर? म्हणजे माझी सही झाली की तुमच्या हातात काही उरत नाही. जे काय आहे ते फक्त भिंतीपलीकडे. आणि काय गं, डिस्का पुसून आणायची पद्धत नाही का तुमच्याकडे? — अगं दचकतेस काय, फडक्यानं! फडक्यानं पुसून! शी, काय वास येतोय, चार दिवस वटवाघळांची घाण हुंगतेय मी, डबा उघडावासा वाटत नाही इथं. एका डिस्कच्या खाचेत तर काहीतरी वाळून बसलं होतं, मी टाचणीनं उकरून काढलं. काय होतं ते विचारू नकोस.

वीट आलाय. खरं सांगते, वीट आलाय मला ह्या सगळ्याचा. लोकांना वाटतं, विद्यापीठाचं संगणक केंद्र म्हणजे काय थाट असेल — अगं, उकिरडा आहे हा. उकिरड्याची राखण करते मी. ते ढगवाले आहेत ना, वरच्या मजल्यावरचे, ढगांची चित्रं काढतात — त्यांनी तीच चित्रं क्लस्टरवर सात ठिकाणी ठेवलीयत. सात! का? तर पहिल्या वेळी कुठं ठेवली ते आठवत नाही, म्हणून परत पाठवायची. फोल्डरचं नाव काय, तर 'नको असलेलं पण राहू दे'. डोळ्यांनी पाहिलंय मी. एक प्राध्यापक तीन दिवसांची कॉपी लावून, लॅपटॉपचं झाकण लावून घरी गेले — झाकण लावलं की मशीन झोपतं, मशीन झोपलं की कॉपी मेली — आणि चौथ्या दिवशी मलाच विचारतात, 'तुमचं नेटवर्क कमजोर आहे का हो?' म्हटलं, माझं नेटवर्क चांगलं ठणठणीत आहे, तुमचं झाकण आवरा. एकानं ह्याच टेबलावरची चालू डिस्क काढली, आणि त्या जागी काय लावलं, तर मोबाइल! चार्जिंगला! आणि हेच लोक परिषदांना जाऊन विज्ञान सांगतात. बोलायला गेलं की 'ताई, तुम्ही चिडता फार'. चिडू नको तर काय आरती ओवाळू?

नाही, तुमची बाई तशी नाही. तेवढं मान्य करते मी. नीटनेटकी आहे पहिल्यापासून, प्रत्येक फायलीवर तारीख, वेळ, गुहेचं तोंड की पोट — सगळं नावातच. काम चोख. पण काम चोख म्हणजे माणूस चोख असं नसतं हो. तुला माहीत नसेल, नवीन आहेस तू — ही फॉर्मवर 'मार्गदर्शक' म्हणून जिची लफ्फेदार सही आहे ना, ती माझी नणंद. सख्खी. आमच्या ह्यांची धाकटी बहीण. आता कसं तोंड झालं बघ तुझं! हो, हो, नणंद. सगळी इमारत तिला वटवाघूळबाई म्हणते आणि मी तिला घरी ताई म्हणते, वयानं माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान असून. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा ती अकरावीत होती, तिच्या वह्यांना कव्हरं घातलीयत मी. आणि पुढं काय, तर एकदा घरी तिची चार विद्वान मंडळी जेवायला आली, मी वाढतेय, आणि त्यातल्या एकानं विचारलं, तुमच्या वहिनीही विद्यापीठातच का? तर म्हणते कशी, 'हो, वहिनीचं काय, फायली इकडून तिकडे.' आणि हसली. वाईट हेतूनं नाही हसली, मला माहीत आहे ना — पण हसली. फायली इकडून तिकडे! हातात भांडं होतं माझ्या. तेव्हापासून ते वाक्य घशात अडकलंय, ना खाली जातं ना वर येतं.

किती झालं? अडुसष्ट. चालू दे. आता तुझ्या लक्षात आलं असेल मी त्या निरोपावर का उसळले. नाही आलं? ऐक मग. दोन वर्षांपूर्वी तिची गुहा वेगळी होती, ही आत्ताची नाही — दगडाच्या खाणीपलीकडची, जुनी. तिथं तिनं अकरा महिने यंत्रं लावली होती, वटवाघळांचे आवाज टिपायला. आपल्या कानाला ऐकू न येणारे, इतके बारीक, म्हणून फायली ह्या एवढाल्या. त्या वेळी डिस्का इथं आणायच्या नव्हत्या, तिथल्याच संशोधन ठाण्यावरून लायनीनं फायली इकडे पाठवायच्या. लाइन कसली, दोरी! नऊ दिवस चालली होती कॉपी. ह्या बाजूला बघायला मी. आणि दहाव्या दिवशी, सव्वा वाजता, मी डबा उघडलेला, पहिला घास तोंडात — फोन. 'वहिनी, झालं का?' मी म्हटलं, 'झालं.' बास. तीन अक्षरांचं तिचं — नाही, मोजायला नको. तिनं विचारलं, झालं का. मी सांगितलं, झालं. तिनं फोन ठेवला आणि डिस्का पुसल्या, दुसऱ्या दिवशी त्या परत गुहेत लावायच्या होत्या म्हणून.

आणि कॉपी झालेली नव्हती. म्हणजे गंमत बघ — गंमत कसली डोंबलाची — नावं सगळी आलेली. यादी उघडून बघितली तर एकूण एक फाईल हजर, तारीख, वेळ, सगळं व्यवस्थित. पण सातव्या महिन्यानंतरच्या फायलींचा आकार शून्य. नावं आली, पोटं रिकामी. तिला इथं पाच टेराबाइट जागा दिलेली, माल आठचा. कोटा भरला की क्लस्टर आरडाओरडा करत नाही, गुपचूप रिकामी पाकिटं घेत बसतं. चार महिने गेले. आणि कुठले चार — पिल्लं जन्मतात ते. गुहेत हजारोंनी पिल्लं लोंबकळत असतात म्हणे, आणि आई बाहेरून येते ती अंधारात नेमकी आपल्याच पिल्लाकडे जाते, नुसत्या हाकेवरून. ती हाक पहिल्या दिवसापासून कशी कशी बदलते, ते तिनं टिपलं होतं. त्या गुहेतल्या जातीचं कुणीच टिपलं नव्हतं. म्हटलं, पुढच्या वर्षी परत लाव यंत्रं, होतात पुढच्या वर्षी परत पिल्लं — तर महिन्याभरात खाणवाल्यांनी सुरुंग लावले. गुहाच गेली. वटवाघळं कुठं गेली कुणास ठाऊक. आता ही तुमची नवी गुहा, त्यात जातच वेगळी. तेव्हा ते गेलं ते गेलंच.

मग चौकशी. व्हायचीच. संचालकांच्या खोलीत, लांब टेबल, पाच जण, पाण्याचे ग्लास झाकून ठेवलेले. मला विचारलं, तुम्ही 'झालं' असं का सांगितलंत? मी म्हटलं, साहेब, सव्वा वाजला होता, मी जेवत होते, मला वाटलं ती विचारतेय जेवण झालं का. — तर ते मधले पांढऱ्या मिशांचे अध्यक्ष जे हसले! पोट धरून. म्हणाले, अहो, आपली भाषाच अशी, 'झालं का' म्हणजे अंघोळ झाली का, लग्न झालं का, काहीही. सगळे हसले. शेरा काय लिहिला, तर 'भाषिक गैरसमज'. कुणाचाच दोष नाही. आणि पुढं असं होऊ नये म्हणून हा फॉर्म काढला — हाच, तुझ्या हातातला, बघ कलम चार: 'दूरध्वनीवरील तोंडी उत्तर पोच म्हणून ग्राह्य धरले जाणार नाही.' संगणक केंद्रात कार्बन कागद घालून दोन प्रतींत सही करायची! तीनशे मशिनं पलीकडे, आणि अलीकडे कार्बन! दर वेळी हा फॉर्म समोर आला की शिसारी येते मला. सगळी इमारत कुरकुरते ह्याच्या नावानं, आणि मी मान हलवते, हो ना, हो ना, काय मेलं कारकुनी डोकं असतं एकेकाचं.

काय? — काय विचारलंस? हळू नको बोलूस, विचार सरळ. मॅडम त्या आधीही फोन करून जेवणाचं विचारायच्या का? कोण — ती? माझ्या जेवणाचं? (हे बरं सुचलं तुला.) अगं, विचारत असेल की. घरची माणसं विचारतातच. नाही का विचारत? तुझ्या घरी विचारत नाहीत का? हां, मग! आता नेमकं कधी विचारलं ते कसं सांगू मी, डायरी थोडीच ठेवते — पाच माणसं होती तिथं, डॉक्टरेटवाली, एकाला सुचला नाही हा प्रश्न, आणि तू कालची पोर, आलीस सही घ्यायला आणि बसलीस उलटतपासणी घ्यायला. चौऱ्याहत्तर झालं बघ. चौऱ्याहत्तर.

नाही विचारलं. घे. कधीच नाही विचारलं. माझ्या लग्नाला तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती, बत्तीस वर्षांत तिनं एकदा, एकदाही, वहिनी जेवलीस का असं विचारलेलं नाही. तिच्या डोक्यात वटवाघळं, दुसऱ्याचं जेवण कुठून येणार तिच्या डोक्यात? तिनं फोन केला तो कामासाठी, आणि 'झालं का' म्हणजे काय ते मला कळलं होतं. लख्ख कळलं होतं. नऊ दिवस दुसरं होतं काय आमच्यात बोलण्यासारखं? खुर्ची वळवायची होती मला फक्त. पडदा हा इथं, पाठीमागं, आणि मी तिकडे तोंड करून जेवत होते. खुर्ची वळवून एक नजर टाकायची. नाही वळवली. तोंडात घास होता आणि डोक्यात ती — म्हटलं, होईलच, अर्ध्या तासात होईल, काय मेलं सारखं झालं का, झालं का, नोकर आहे का मी हिची. आणि म्हटलं, झालं. आणि फोन आपटला.

आणि ऐकायचंच आहे तर सगळंच ऐक. कोटा वाढवायचा अर्ज तिनं आधीच दिला होता. पाचाचे आठ करा म्हणून, दहा दिवस आधी. तो ह्याच टेबलावर होता. माझ्या डब्याखाली. त्यावर सुरुवात कशी केली होती माहितेय? 'प्रति, संबंधित कर्मचारी.' वहिनी नाही, ताई नाही, नाव नाही — संबंधित कर्मचारी! म्हटलं, ठीक आहे. संबंधित कर्मचाऱ्याला सवड होईल तेव्हा संबंधित कर्मचारी बघेल. एवढंच. एवढ्याशा गोष्टीपायी. दोन बटणं दाबायची होती गं. चौकशीच्या आदल्या दिवशी तो कागद मी बारीक फाडला, आणि त्याच्यावर डब्याचा गोल डाग पडलेला होता तेलाचा, तोही फाटला.

पण तुला सगळ्यात घाण भाग कुठला सांगू? तिलाही विचारलं ना त्यांनी. पांढऱ्या मिशा हसून झाल्यावर तिच्याकडे वळले, म्हणाले, काय हो, तुम्ही विचारता का वहिनींना असं, जेवण झालं का? ती माझ्या समोर बसली होती. टेबलाच्या पलीकडे. माझ्याकडे बघितलं तिनं. मला वाटलं, संपलं आता — एक शब्द बोलली असती ना, मी त्याच दिवशी घरी. तर म्हणते, 'हो. विचारते. आमच्याकडे विचारतात.' आणि सही केली. स्वतःच्या चार महिन्यांवर, त्या पिल्लांवर, सगळ्यावर. भावासाठी केलं, घराण्याच्या नावासाठी केलं, की माझ्यासाठी — मला आजपर्यंत कळलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. सुट्टीच्या दिवशी घरी येते, जेवते, ताटं उचलते, 'वहिनी, निघते' म्हणते आणि जाते. एक शब्द नाही. ओरडली असती तर बरं होतं! झिंज्या धरल्या असत्या तरी चाललं असतं! हे उपकार — किळस येते मला ह्या उपकारांची, आंघोळ केली तरी जात नाही अंगावरून. आणि आज, दोन वर्षांनी, तुझ्यासारख्या पोरीच्या तोंडून पाठवते, जेवण झालं का. म्हणजे काढलंच शेवटी. काढलंच! मला वाटलंच होतं, एक दिवस काढणार ही, आणि —

काय, काय झालं? हात काय हलवतेस? बोल.

काय म्हणतेस? परत सांग.

तुमच्याकडे असंच म्हणतात? म्हणजे कसं असंच? प्रयोगशाळेत? पडताळणी पुरी झाली का असं विचारायचं असलं की म्हणायचं, जेवण झालं का. सगळेच म्हणता? पहिल्या दिवशी शिकवते ती? 'डिस्क पुसायच्या आधी विचारायचं, जेवण झालं का. समोरच्यानं ठसे जुळवून, डोळ्यांनी बघून हो म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही.' बरं. आणि तुम्ही हसता त्याला. फळ्यावर पण लिहिलंय. बरं, बरं. म्हणजे तू मगाशी विचारलंस ते माझ्या जेवणाचं नव्हतंच. तू कामाचंच विचारत होतीस. आणि मी मात्र — अरे देवा.

आणि हे असं का म्हणायचं ते नाही सांगितलं तिनं? कुठून आलं हे? नाही? कुणी विचारलं नाही का कधी? विचारलं — मग काय म्हणाली? 'माझ्याकडून एकदा नीट न विचारण्याची चूक झाली होती.' तिच्याकडून. असं म्हणाली? माझं नाव नाही घेतलं? वहिनी वगैरे, केंद्रातल्या बाई वगैरे — काहीच नाही? तुला खरंच काही माहीत नव्हतं? मी नणंद म्हटलं तेव्हा तुझं तोंड तसं झालं ते पहिल्यांदाच कळलं म्हणून. म्हणजे मी इथं अर्धा तास बसून, कुणी न विचारता, माझ्या तोंडानं — चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. हेच ते.

हे बघ, ऐक माझं. इकडे बघ. हे जे मी बोलले ना, ते तिऱ्हाइतापाशी बोलायचं नव्हतं, रागाच्या भरात माणूस काहीही बोलतं, त्यातलं अर्धं तर — तू कुठं बोलू नकोस. माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. तुझ्या पुढच्या डिस्का मी आधी घेईन, रांगेत थांबायला नको तुला, सोमवारी आलीस की मंगळवारी — शी. शी! ऐकलंस? ऐकलंस मी काय बोलले ते? बघ, अजून तेच. हाडात मुरलंय. मला माझीच ओकारी येतेय.

थांब. वाजलं. शंभर. सगळे बघितलेत — दोन हजार नऊशे चौदा फायली, दोन हजार नऊशे चौदा ठसे, न जुळलेला एकही नाही. आणि हे बघ, आकार. खुर्ची ओढून जवळ ये, तुझ्या डोळ्यांनी बघ, माझ्यावर विसंबू नकोस. शून्याची एकही नाही ना? खालपर्यंत बघ. घाई नको. बघितलंस? बरं. आण तो फॉर्म. कार्बन नीट घाल, मागच्या वेळी उलटा घातला होता एकानं, सही माझी माझ्याच कागदाच्या पाठीवर उमटली. ही तारीख. ही सही.

थांब, ओढू नकोस कागद. शेऱ्याचा रकाना राहिलाय. हो, माहीत आहे मला तो कुणी भरत नाही. मी भरतेय. अगं, पेन कशाला धरतेस माझं — सोड. ह्यात पुण्यबिण्य काही नाहीये, उगाच डोळे मोठे करू नकोस, मला फक्त उबग आलाय. 'दोन वर्षांपूर्वी फोनवरचा प्रश्न मला कळला होता. कोट्याचा अर्ज माझ्याकडे पडून होता.' आणि खाली परत सही. बास. दोन वाक्यांचं तर होतं.

घे. वरची प्रत संचालकांच्या कार्यालयात, आवक नोंद करून घे, नुसती टेबलावर ठेवून येऊ नकोस. खालची तिला. आधी संचालकांची, मग तिची — तिच्या हातात आधी पडली तर ती फाडेल, मी ओळखते तिला. डिस्का उचल, चारही. गाडी आहे ना तुमची पाचला? मग निघ. मला काही विचारू नकोस आता. जाताना दार ओढून घे, गार हवा बाहेर जाते सगळी.